फिरणे सोपे, कोंडणे कठीण
चक्राकार इंजिनांच्या गुणदोषांचा विचार

मानवाने घडविलेल्या यंत्रांत दोन कुळे स्पष्ट दिसतात. एक येरझार घालणाऱ्यांचे, दुसरे फिरणाऱ्यांचे. उखळातले मुसळ वर-खाली होते. जाते गोल फिरते. मोटेचे बैल धावेवरून उतरतात, थारोळ्यात पाणी पडले की पाठमोरे सरत पुन्हा वर येतात. रहाटाचा बैल मात्र एकाच दिशेने फिरतो आणि पाण्याची धार खंडत नाही. पहिल्या कुळात निम्मे श्रम परतण्यात खर्ची पडतात, दुसऱ्यात परतणे हा प्रकारच नाही. तेव्हा येरझार टाळून सारे चक्राकार करावे, असा मोह यंत्रज्ञाला पडावा यात नवल नाही.

परंतु अनुभव एवढा सरळ नाही. रहाट उथळ विहिरीवर शोभला. विहीर खोल गेली की त्याची गाडग्यांची माळ जड होत जाते. म्हणून खोल विहिरीवर मोटच टिकली. खानदेशातून येऊन नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत येथे स्थिरावलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. इंजिनांतही गेली अडीचशे वर्षे हाच वाद चालू आहे, आणि त्याचा एक अध्याय आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लिहिला गेला आहे.

या विषयाकडे वळण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या वस्तीतील अनेक मुले आज आयटीआयमध्ये किंवा पदविकेच्या वर्गात यंत्रविद्या शिकतात. 'पिस्टन नसलेले चमत्कारी इंजिन' दाखविणाऱ्या चित्रफिती ती मोबाइलवर पाहतात आणि शाळेत येऊन विचारतात, "सर, हे इतके सोपे आहे, तर सगळ्या गाड्यांत का नाही?" प्रश्न उत्तम आहे. त्याला हसून वाटेस लावणे शिक्षकास शोभत नाही आणि पालकासही नाही.

पिस्टनची येरझार

जुन्या ताप्ती मार्गावरून वाफेचे इंजिन ओढीत असलेल्या गाडीने सुरतेहून जळगावकडे ज्यांनी प्रवास केला, त्यांना पिस्टनची येरझार डोळ्यांनी दिसली असेल. सिलिंडरातून दांडा बाहेर येई, आत जाई आणि चाक फिरे. निकोलाउस ओटो या जर्मन कारागिराने १८७६ मध्ये सिद्ध केलेल्या चार आघातांच्या इंजिनातही हीच गती आहे. पिस्टन खाली येताना इंधन व हवा आत ओढली जाते, वर जाताना ती दाबली जाते, ठिणगीने पेटली की पिस्टन जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर टाकतो.

यातील दोष उघड आहे. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला दोनदा क्षणभर थांबून दिशा बदलावी लागते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला २०० वेळा थांबतो व उलटतो. त्यातून कंप येतो. शिवाय झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, त्या उघडणारा दांडा असा मोठा परिवार पोसावा लागतो.

मग हे इंजिन एवढे टिकले कसे? उत्तर पिस्टनच्या अंगावरील साध्या कड्यांत, म्हणजे रिंगांत आहे. गोल भोकात गोल कडे बसविणे हे बंदिस्ती साधण्याचे सर्वांत सोपे रूप होय. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटून राहते, वायूचा दाब तिला अधिकच घट्ट बसवितो आणि खालून उडणारे तेल तिला न्हाऊ घालते. इंजिनाचे पहिले काम फिरणे नव्हे. पेटलेला वायू निसटू न देता कोंडून धरणे, हे त्याचे पहिले काम, फिरणे त्यानंतरचे. पिस्टनची चाल ओबडधोबड असली, तरी कोंडण्याच्या कामात त्याची बरोबरी करणे अवघड आहे. चक्राकार इंजिनांचा सारा इतिहास हा या अवघडपणाचाच इतिहास आहे.

वॉटची माघार आणि एरंडेलाची विमाने

वाफेच्या इंजिनाचा सुधारक जेम्स वॉट यालाही हा मोह सुटला नव्हता. १७६९ च्या आपल्या प्रसिद्ध पेटंटात त्याने वाफेने सरळ फिरणाऱ्या चाकाचीही कल्पना नोंदविली होती. फिरत्या भागांच्या कडांतून वाफ निसटू न देणे त्या काळच्या कारागिरीला साधले नाही. वॉट पिस्टनकडे परतला आणि त्याच पिस्टनने पुढे जग बदलले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी 'रोटरी' हे नाव एका निराळ्याच इंजिनाला मिळाले. फ्रान्समधील सेगें बंधूंनी १९०८-०९ च्या सुमारास 'नोम' हे विमानाचे इंजिन आणले. त्यात शाफ्ट विमानाला पक्का जखडलेला असे आणि चक्राच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले सिलिंडरच पंख्यासह गरगर फिरत. फिरण्यामुळे ते वाऱ्याने आपोआप थंड होत, पाण्याच्या टाकीचे वजन वाचे आणि चाल गुळगुळीत राही. पहिल्या महायुद्धातील 'सॉपविथ कॅमल' हे लढाऊ विमान याच जातीच्या इंजिनावर उडे. हरदित सिंग मलिक या भारतीय वैमानिकाने १९१७ मध्ये ते चालविले होते.

या इंजिनात पेट्रोलचे मिश्रण शाफ्टच्या पेटीतूनच जात असल्यामुळे पेट्रोलात न विरघळणारे वंगण लागे. ते म्हणजे एरंडेल! आज भारतात एरंडीच्या उत्पादनात गुजरात अग्रेसर आहे, म्हणून आपल्याला याचे विशेष कौतुक वाटावे. हे तेल एकदा वापरले की धुरासह बाहेर उडे आणि वैमानिकाच्या तोंडावर बसे. पोटात गेल्यावर त्याचा काय परिणाम होई, हे घरातल्या कोणत्याही आजीबाईंना ठाऊक आहे. दुसरा दोष अधिक गंभीर होता. एवढे वजन भोवऱ्यासारखे फिरू लागले की विमान एका बाजूस चटकन वळे आणि दुसरीकडे वळण्यास कुरकुर करी. नवशिक्यांचे त्यात प्राण गेले. महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत हा प्रकार मागे पडला. वास्तविक येथे पिस्टनची येरझार सुटलीच नव्हती. फक्त घर फिरत होते आणि घरातला माणूस पूर्वीसारखाच येरझारा घालीत होता.

वांकेलचा त्रिकोण

येरझार खरोखर नाहीशी करण्याचे श्रेय फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाला जाते. १९०२ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाला अधू दृष्टीमुळे मोटार चालविण्याचा परवाना कधी मिळाला नाही. परंतु बंदिस्ती, म्हणजे सील, हाच त्याच्या जन्माचा अभ्यास होता. १९२९ मध्ये त्याने पहिले पेटंट मिळविले, एन.एस.यू. या कंपनीच्या साहाय्याने १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे इंजिन प्रत्यक्ष चालले. त्या पहिल्या इंजिनात आतला रोटर व बाहेरचे कवच दोन्ही फिरत. ते अत्यंत गुळगुळीत चाले, परंतु स्पार्क प्लग बदलण्यासाठी सारे इंजिन खोलावे लागे. हान्स डीटर पाश्के या एन.एस.यू.च्या अभियंत्याने कवच स्थिर ठेवून केवळ रोटर फिरेल अशी रचना केली. जगाला परिचित झालेले 'वांकेल' ते हेच.

त्याची कल्पना करणे कठीण नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण ठेवा. त्रिकोणाची तिन्ही टोके भिंतीला सदैव टेकलेली आहेत आणि तो स्वतःभोवती फिरत असतानाच थोडा झुलतही आहे. त्याच्या तीन बाजूंना तीन पोकळ्या होतात. फिरताना प्रत्येक पोकळी मोठी होते, लहान होते, पुन्हा मोठी होते. शोषण, दाब, ज्वलन व उत्सर्जन ही चारही कामे त्यातच क्रमाने होतात. रोटरच्या एका फेऱ्यात शाफ्टचे तीन फेरे होतात आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक शक्तीचा धक्का मिळतो. एका सिलिंडरच्या चार आघातांच्या इंजिनात तो दोन फेऱ्यांतून एकदा मिळतो. झडपा नाहीत, रोटर स्वतःच छिद्रे उघडतो व मिटतो. इंजिन लहान, हलके, कंपरहित, आणि हलणारे भाग अगदी मोजके.

आता दोष. पहिला टोकांचा. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकावर एक बारीक पट्टी असते. गोल रिंगेप्रमाणे ती पृष्ठभागावर विसावत नाही, एका रेषेवर घासत जाते. तिचा भिंतीशी होणारा कोन क्षणाक्षणाला बदलतो. आणि तिला तेल पाजण्यासाठी इंधनाबरोबर थोडे तेल जाळावेच लागते. दुसरा दोष उष्णतेचा. पिस्टन-इंजिनात थंड मिश्रण व आग एकाच जागी आळीपाळीने येतात. येथे डब्याची एक बाजू नित्य थंड, दुसरी नित्य तप्त. त्यामुळे कवच असमान फुगते. तिसरा दोष ज्वलनाच्या जागेचा. ती लांब, चपटी आणि सरकती असते. चूल सुटसुटीत असेल तर जाळ एकवटतो. लांबट, उथळ चरात पेटविलेला जाळ भिंतींना ऊब देण्यातच संपतो. म्हणून काही इंधन न जळताच बाहेर जाते, पेट्रोल अधिक लागते आणि धूरही दूषित होतो.

दोन कंपन्यांची दोन नशिबे

१९६७ मध्ये एन.एस.यू.ने 'आर.ओ. ८०' ही मोटार बाजारात आणली. १९६८ सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार म्हणून तिचा गौरव झाला. परंतु टोकांच्या पट्ट्या अकाली झिजू लागल्या आणि हमीपोटी इंजिनांमागून इंजिने बदलून देण्यात कंपनी मेटाकुटीस आली. १९६९ मध्ये तिला फोक्सवॅगनच्या छत्राखाली जावे लागले, आणि ही मोटार १९७७ मध्ये बंद झाली.

त्याच १९६७ मध्ये जपानच्या हिरोशिमा येथील माझदा कंपनीने 'कॉस्मो' ही मोटार आणली. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचे पथक या इंजिनामागे लागले होते. कवचाच्या आतल्या भिंतीवर पट्ट्यांच्या थरथरण्यामुळे लहरींसारखे ओरखडे उठत. त्यांना ते 'सैतानाची नखे' म्हणत. अॅल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनची पट्टी करून त्यांनी तो दोष आटोक्यात आणला. पुढे कंपनीने या जातीच्या जवळजवळ २० लाख गाड्या बनविल्या, आणि १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत चार रोटरांच्या '७८७ बी' गाडीने जिंकली. तरीही १९७३ च्या तेलटंचाईने या इंजिनाचा खादाडपणा जगापुढे आणलाच. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आपली योजना सोडली. सुझुकीची रोटरी मोटारसायकल १९७४ मध्ये आली आणि दोनच वर्षांत गेली. माझदाची शेवटची मोठी रोटरी गाडीही २०१२ मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये कंपनीने रोटरी पुन्हा आणले, पण चाके फिरविण्यासाठी नव्हे, विजेच्या मोटारीची बॅटरी भरणाऱ्या लहान जनित्रासाठी.

इतर पर्याय

वांकेलचे दोष टाळण्यासाठी अनेकांनी निराळे मार्ग शोधले. त्यांची मुख्य चार घराणी मानता येतील.

पहिले पात्यांचे. फिरत्या नळकांड्यातून पाती बाहेर सरकतात व भिंतीला टेकून पोकळ्या करतात. रचना सर्वांत सोपी. परंतु वेग वाढला की पाती भिंतीवर जोराने दाबली जातात आणि घर्षणात शक्ती जाते.

दुसरे घराणे गमतीने 'मांजर-उंदीर' म्हणून ओळखले जाते. एकाच वर्तुळाकार मार्गात दोन जोड पिस्टन फिरतात. एक पुढच्याला गाठू पाहतो, मग तो थबकतो आणि पुढचा निसटतो. बंदिस्ती येथे तुलनेने बरी साधते. परंतु गाठणे-थबकणे हीच पुन्हा येरझार झाली. जो धक्का पिस्टनमधून काढला, तो दातेरी चाकांच्या माथी बसला.

तिसऱ्या घराण्यात ऑस्ट्रेलियाच्या राल्फ सारिच यांचे १९७२ च्या सुमारास गाजलेले 'ऑर्बिटल' इंजिन येते. आतला भाग स्वतःभोवती न फिरता जागच्या जागी घिरट्या घेतो. त्यामुळे पट्ट्यांचा वेग कमी राहतो. पण पट्ट्यांची व सांध्यांची संख्या वाढते, आणि आतला भाग थंड राखणे कठीण जाते. कॅनडात १९९६ मध्ये पुढे आलेले 'क्वासिटर्बाइन' याच वाटेचे दुसरे उदाहरण मानावे. त्याचा रोटर चार सांध्यांनी जोडलेल्या चार तुकड्यांचा असतो. आगीचा आकार सुधारतो, पण चार नवे सांधे राखावे लागतात.

चौथे घराणे वांकेलला उलटे करणारे. अमेरिकेतील 'लिक्विडपिस्टन' कंपनीच्या इंजिनात त्रिकोणी आहे ते कवच आणि रोटर दोन टोकांचा. पट्ट्या रोटरवर नसून स्थिर कवचात बसविल्या आहेत. त्यामुळे बाहेरून थेट तेल देता येते, आणि ज्वलनाची जागा कवचाच्या कोपऱ्यात आटोपशीर राहते. वांकेलच्या दोषांवर नेमके बोट ठेवणारी रचना म्हणून ती लक्षवेधी आहे. मात्र रस्त्यावर लाखो किलोमीटर धावण्याची कसोटी तिने अद्याप दिलेली नाही.

प्रत्येक रचनेत अडचण नाहीशी होत नाही, घर बदलते. हे ओळखणे हाच या विषयाचा गाभा होय. घरातील एअर कंडिशनरचा 'रोटरी कॉम्प्रेसर' निमूटपणे वर्षानुवर्षे चालतो, कारण तेथे वायू कोंडावा लागला तरी आग नसते आणि तेल सतत सोबत फिरते. फिरणे आणि कोंडणे यांचे जमते. आग मध्ये आली की बिनसते.

अहिल्यानगरचा प्रयोग

मग हे इंजिन कोठेच उपयोगी नाही काय? आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन संघटनेची वाहनविषयक प्रयोगशाळा आहे, व्ही.आर.डी.ई. या नावाने ती ओळखली जाते. 'निशांत' या वैमानिकरहित टेहळणी विमानासाठी या संस्थेने बंगळुरूच्या दोन संस्थांसह संपूर्ण देशी वांकेल इंजिन तयार केले. त्यांपैकी राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने मूळ इंजिन, अॅल्युमिनियमचे विशेष ओतकाम आणि कवचाच्या आतील निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप सिद्ध केला. अहमदनगरने प्रज्वलन व इंधन यांच्या यंत्रणा केल्या. वैमानिकी विकास संस्थेने उड्डाणाच्या चाचण्या पाहिल्या. ५५ अश्वशक्तीच्या या इंजिनाचे वजन सुमारे ३० किलो, म्हणजे दर किलोमागे पावणेदोन अश्वशक्तीहून अधिक. ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलार येथे त्याच्यासह निशांतने पहिले उड्डाण केले.

येथे वांकेलच का निवडले, हे समजून घेतले पाहिजे. टेहळणीच्या विमानाला प्रत्येक किलो मोलाचा. कॅमेऱ्याला कंप नको. उड्डाण काही तासांचे, म्हणून पेट्रोल थोडे अधिक लागले तरी चालते. आणि इंजिनाने लाख-दीड लाख किलोमीटर टिकावे ही अपेक्षाच नसते. मोटारीत जे दोष असह्य ठरतात, ते येथे सोसण्याजोगे होतात, आणि जे गुण मोटारीत केवळ चैनीचे, ते येथे प्राणभूत ठरतात. अनेक विमाने कोसळल्यानंतर लष्कराने २०१५ मध्ये निशांतची पुढील खरेदी थांबविली. तरीही दुसऱ्याने देण्यास कुरकुर करावी अशी ही लेपाची व ओतकामाची विद्या आपल्या हाती आली, हे विसरता येत नाही.

अशा प्रयत्नांची फळे पुष्कळदा दुसऱ्याच झाडाला लागतात. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप १९६७ मध्ये मूलतः वांकेलच्या कवचासाठी निघाला. आज तो अनेक मोटारसायकलींच्या साध्या सिलिंडरांत असतो. सारिच यांचे इंजिन बाजारात आले नाही. परंतु त्यांच्या कंपनीने पुढे विकसित केलेली, सिलिंडरात थेट इंधन फवारण्याची पद्धत पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये आपल्या दोन आघातांच्या रिक्षासाठी वापरली. पर्थमधील चक्राकार स्वप्नाची आडवाट अशी रिक्षापर्यंत पोहोचली.

तीन प्रश्न

आपल्या मागांच्या धंद्यातही हेच घडले आहे. धोट्याची येरझार टाळण्यासाठी गोल माग निघाला, पण तो मुख्यतः प्लॅस्टिकच्या पोत्यांपुरता राहिला. साडीच्या कापडात धोट्याला हटविले ते रेपियरने आणि पाण्याच्या फवाऱ्याने; तेथे येरझार राहिली, मात्र जड धोट्याऐवजी हलकी पट्टी किंवा नुसता थेंब जाऊ लागला. पिस्टननेही असेच स्वतःला हलके, काटकसरी आणि दीर्घायुषी करून घेतले. आणि म्हणूनच प्रतिस्पर्धी पुढे जाऊ शकले नाहीत.

तेव्हा कोणी मुलगा नव्या इंजिनाचे चित्र घेऊन आला, किंवा अशा यंत्रात घरची पुंजी घालण्याचे आर्जव कोणी केले, तर तीन प्रश्न विचारावेत. वायू कोठे कोंडला आहे, आणि ती सील रेषेवर घासते की पृष्ठभागावर? तिला तेल व थंडावा कोणत्या वाटेने पोहोचतो? पेटते त्या जागेचा आकार कसा आहे? या तिन्हींचे उत्तर कागदावर नव्हे, काही हजार तास चाललेल्या इंजिनाने दिलेले असावे. ते नसेल, तर मुलाच्या वहीचे कौतुक जरूर करावे, पुंजी मात्र पेटीतच ठेवावी.

आणि चक्राचे स्वप्न? ते एका अर्थी पूर्ण होत आले आहे. सुरतेच्या रस्त्यांवर आज विजेच्या बसगाड्या व रिक्षा धावतात. त्यांच्या मोटारीत एकच भाग फिरतो आणि त्याला येरझार घालावी लागत नाही. कारण तेथे कोंडण्यासारखे काहीच नाही. वॉटपासून वांकेलपर्यंत सर्वांना अडविणारी गाठ सुटली नाही, ती गाठच तेथे उरली नाही. आपल्या मुलांपैकी ज्यांना गॅरेजात किंवा कारखान्यात आयुष्य काढावयाचे आहे, त्यांनी पिस्टन खोलण्याबरोबर ही मोटारही खोलण्यास आजच शिकावे.